मातृकुळाचा शोध

मंडळाची वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची म्हणजे आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. जाहिराती कोणी गोळा करावयाच्या यावरून बैठक लांबते, आणि ‘बाई, तुम्ही शाळेत होता, तुम्ही काहीतरी इतिहासाचे लिहा’ असे म्हणून एक कोरा ताव माझ्या हाती येतो. मागे मी कपिलधारच्या यात्रेवर लिहिले होते. यंदा दुसरे काही लिहावयाचे मनात होते. परंतु माझ्या नातीच्या शाळेने तो बेत मोडला. कसा तो आधी सांगते.

नात सातवीत आहे. शाळेतून तिला एक तक्ता मिळाला. त्यावर झाडाचे चित्र, आणि फांदीफांदीला चौकटी. चौकटींत आपल्या घराण्यातील माणसांची नावे लिहून आणावयाची. संध्याकाळी आमचे भाऊजी ओट्यावर बसले होते. त्यांनी हातातली सुपारी खाली न ठेवता आमच्या सासरच्या सात पिढ्या एका दमात सांगितल्या. हा याचा मुलगा, तो त्याचा, त्याला दोन भाऊ, एक निपुत्रिक गेला. श्राद्धाला नावे लागतात म्हणून पुरुषांना ती पाठ असतात. पोरीची डावी बाजू पाच मिनिटांत भरली. मग तिने पेन्सिल माझ्याकडे वळवली.

“आजी, तुझ्या आईचं नाव?”

सांगितले.

“तिच्या आईचं?”

तेही सांगितले.

“आणि तिच्या आईचं?”

मी गप्प राहिले. माझ्या आजीच्या आईला आमच्याकडे सगळे ‘मोठी आई’ म्हणत. माझी आई म्हणे, मामा म्हणत, गल्लीतले लोकही म्हणत. मी तिला पाहिलेले नाही, पण तिच्या गोष्टी ऐकतच लहानाची मोठी झाले. ती घोंगडी कशी झाडी, विंचू चावल्यावर काय लावी, जावयासमोर कधी बसत नसे, हे सगळे मला ठाऊक. नाव मात्र ठाऊक नाही! चाळीस मुलांचा हजेरीपट पाठ म्हणून दाखवणारी बाई मी, आणि अवघ्या तीन पायऱ्या मागे गेल्यावर माझा पाय अधांतरी.

त्या दिवसापासून मी त्या चौकटीच्या मागे लागले. प्रथम माहेरी गेले. मामांच्या ट्रंकेत निजामच्या अमदानीतले जमिनीचे कागद होते. भगिनींना ठाऊक आहेच की १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख मोगलाईत होता आणि सरकारदरबारचे लिखाण उर्दूत होई. ते कागद पिशवीत घालून बीडला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेले. त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचून दाखवले. शेताच्या चतुःसीमा, बांधावरची बाभळ, आकार, सगळे होते. मोठ्या आईचा उल्लेखही निघाला, पण कसा? ‘बेवा’, म्हणजे विधवा, आणि पुढे तिच्या नवऱ्याचे नाव. बाभळीची जात लिहिणाऱ्या त्या कारकुनाला बाईचे नाव लिहावयाची गरज वाटली नाही. 

नंतर मामींच्या माळ्यावरून एक तांब्याचे घंगाळ काढले. त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी अक्षरे कोरलेली. चिंच लावून घासल्यावर ती उमटली. माझ्या आजीचे नाव स्पष्ट होते आणि त्यापुढे होते ‘आईकडून भेट’. म्हणजे घंगाळ मोठ्या आईने लेकीला दिलेले. देणारीने लेकीचे नाव घालून घेतले आणि स्वतःसाठी ‘आई’ एवढ्यावरच भागवले. मला हसू आले आणि थोडे डोळ्यांत पाणीही आले. 

हे चाललेले असतानाच महिला दिनाला पंडिता रमाबाईंवर बोलण्याचे काम मंडळाने माझ्यावर टाकले. रमाबाईंची सनावळी मला शाळेपासून पाठ: १८५८ साली जन्म, १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज, १८८९ साली मुंबईत शारदा सदन. हा आर्य महिला समाज म्हणजे आपल्यासारख्या महिला मंडळांची पणजीच म्हणा ना. पण या खेपेला पुस्तक उघडले ते डोक्यात चौकटी घेऊनच. त्यामुळे माझी नजर रमाबाईंवर ठरेना; ती त्यांच्या आईवर जाऊन बसली. तिचे नाव लक्ष्मीबाई डोंगरे. आज लिहावयाचे आहे ते तिच्याविषयी.

लक्ष्मीबाईंच्या लग्नाची हकिकत अशी. एक ब्राह्मण आपली बायको आणि नऊ व सात वर्षांच्या दोन मुली घेऊन यात्रेला निघाला होता. वाटेत एका गावी एकदोन दिवस मुक्काम पडला. सकाळी तो गोदावरीवर स्नानाला गेला असता तेथे दुसरा एक रुबाबदार गृहस्थ स्नानाला आला. आन्हिक झाल्यावर विचारपूस झाली: गाव कोणते, गोत्र कोणते, कुटुंब आहे का? तो विधुर असल्याचे कळताच यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची मुलगी त्याला देऊ केली. तासाभरात सगळे ठरले, दुसऱ्या दिवशी लग्न लागले, आणि त्या अनोळखी माणसाबरोबर ती पोर माहेरापासून सुमारे नऊशे मैल दूर निघून गेली. आईबाप आपल्या वाटेने यात्रेला पुढे गेले.

ही गोष्ट १८४० च्या सुमाराची. तो गृहस्थ म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे. वय चव्वेचाळीस.

ही हकिकत छापून आली ती १८८७ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाला. रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉक्टर रेचेल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, त्या पुस्तकात ही गोष्ट आहे. मी ती दोनदा वाचली, बोट ठेवून वाचली. नदीचे नाव आहे. मुलीचे वय आहे. किती मैल दूर गेली तेही आहे. गावाचे नाव नाही. मुलीच्या बापाचे नाव नाही, आईचे तर नाहीच. पुढे मराठी चरित्रांतून वाईच्या अभ्यंकरांचे घराणे सांगितले जाते. पण प्रत्यक्ष लेकीने आईची कथा जगाला सांगितली तेव्हा आजोळ या कोपऱ्यात कोरी जागाच राहिली. ज्या बाईने आपल्या मुलीला इतके दिले, तिचीही चौकट माझ्या मोठ्या आईसारखीच! हे पाहून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

आता ही गोदावरी आपल्याला परकी नाही. आपल्या बीड जिल्ह्याची उत्तरेची कड तिनेच आखली आहे. तिला आपण गंगाच म्हणतो. तिच्या काठी अशी किती लग्ने ठरली असतील आणि किती पोरींच्या पाठीमागे माहेराचे दार कायमचे लागले असेल, कोण मोजणार? आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने मुलीचे नवे नाव लिहितात. पाहुणे कौतुकाने वाकून पाहतात. मीही पुष्कळदा पाहिले आहे. मात्र त्या तांदळांत जुने नाव मिसळून जाते हे माझ्या ध्यानात या तक्त्यानेच आणून दिले.

परंतु अनंतशास्त्री सामान्य नवरा नव्हता. तरुणपणी तो पुण्याला विद्येसाठी राहिला होता. त्याचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवावयास जात. गुरूंबरोबर जाता-येता त्याने एका स्त्रीच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकले आणि तो थक्क झाला. आपल्याही बायकोला शिकवावयाचे असे त्याने तेव्हाच मनाशी घेतले. पहिल्या बायकोच्या वेळी ते जमले नाही. घरच्यांनी होऊ दिले नाही. ती वारली. दुसऱ्या वेळी ही नऊ वर्षांची मुलगी घरी आली आणि त्याने अक्षरे गिरवून घेण्यास आरंभ केला. गाव कर्नाटकात, कारकळच्या बाजूला. घरात पुन्हा गहजब झाला. बाईमाणसाने देववाणी शिकणे म्हणजे अनाचार! उडुपीच्या पंडितसभेपुढे त्याला उभे राहावे लागले. तेथे त्याने शास्त्राधारे आपली बाजू मांडली आणि पंडितांना गप्प केले. पण पंडित गप्प झाले म्हणून घरची माणसे गप्प होतात असे थोडेच आहे? अखेर त्याने बायकोला घेऊन सरळ रानाची वाट धरली.

ते रान म्हणजे गंगामूळ, पश्चिम घाटाच्या माथ्यावरचे. तुंगा आणि भद्रा या नद्या तेथे उगम पावतात. आजही ते दाट अरण्यच आहे. त्या काळचे काय वर्णावे! पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. दरीच्या पलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता. ती पोर पासोडीत गुरफटून जमिनीवर थरथरत पडली होती आणि नवरा उजाडेपर्यंत पहाऱ्याला बसला होता. मग हळूहळू झोपडी उभी राहिली. सभोवती श्वापदे होतीच, परंतु धडे चुकले नाहीत. 

येथे मला अमेरिकेची आठवण होते, आणि ती अगदीच अवांतर नाही. याच काळात, १८४३ पासून, तिकडे ओरेगॉनच्या वाटेने बैलगाड्यांचे तांडेच्या तांडे पश्चिमेकडे निघाले होते. त्यांत बायका होत्या, लेकुरवाळ्या होत्या. त्यांनी रानात लाकडी घरे बांधली, चुली मांडल्या, कित्येकींनी वाटेतच मुले पुरली. त्या सरहद्दीवरच्या बायकांचा तिकडे मोठा गौरव होतो. पुढे १८६२ च्या कायद्याने एकट्या बाईला, विधवेलादेखील, आपल्या नावावर एकशे साठ एकर जमीन मागता येऊ लागली. त्या आधी १८५० च्या शिरगणतीत घराघरांतील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले होते, बायकामुलांसकट. गुलाम केलेल्या काळ्या बायकांची नावे मात्र तेथेही लिहिली नाहीत. त्यांचे वय आणि लिंग नोंदले. तेव्हा कोरी चौकट ही काही एकट्या आपल्याच देशाची मिरास नव्हे. पण गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरी धर्मग्रंथाच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्ने व मरणे टिपून ठेवण्याची रीत होती. म्हणून आज त्यांची पणतवंडे बसल्या जागी पणजीच्या आजोळापर्यंत जाऊन पोचतात. आपल्याकडे निजामच्या राज्यात पहिली शिरगणती १८८१ साली झाली. तिचे आकडे छापले गेले. घराघरांतील माणसे त्या आकड्यांत विरघळली. 

आमची लक्ष्मीबाई त्या गाड्यांतल्या बायकांहून तसूभर कमी धीराची नव्हती. फरक म्हटला तर एवढाच की त्या जमिनीसाठी रानात गेल्या आणि हिला अक्षरांसाठी जावे लागले.

गंगामुळाला तिचा संसार बराच वाढला. अनंतशास्त्र्यांची विद्वत्ता ऐकून विद्यार्थी येऊन राहू लागले. यात्रेकरू येत. आल्यागेल्याला जेवू घालावयाचे, हा शास्त्रीबोवांचा नेम. नेम नवऱ्याचा आणि चूल बायकोची, हे आपल्याला समजावून सांगावयास नको. रानात पीठ कोठून येई, एवढ्या माणसांना पाणी कोण भरी, बाळंतपणाला कोण होते, याविषयी चरित्रांत फारसे आढळत नाही. तिला मुले झाली, काही गेली. कृष्णाबाई, श्रीनिवास आणि रमा ही तीन वाढली. धाकटी रमा २३ एप्रिल १८५८ रोजी तेथेच जन्मली.

रमा सहा महिन्यांची असेल नसेल, तोच ते घर मोडले. अतिथींच्या पायी होते नव्हते ते सरले होते, कर्ज झाले होते. सगळे कुटुंब तीर्थयात्रेला म्हणून बाहेर पडले ते पुन्हा कधी घरात राहावयास आले नाही. वेताच्या पेटाऱ्यात घालून तान्ह्या रमेला डोंगरावरून खाली आणले. आपली यात्रा तेव्हापासूनच सुरू झाली, असे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. हे वाचताना मला आपला सोलापूरचा रस्ता दिसला. दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यातली माणसे ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या, आणि त्यांच्यामध्ये कोणातरी बाईच्या मांडीवर टोपऱ्यातले पोर. चौसाळ्याच्या फाट्यावर चहाला थांबतात. त्या बायकांची नावे मुकादमाच्या वहीतही नवऱ्याबरोबर ‘कोयता’ म्हणून जोडीने लागतात. असो. विषय लांबतो आहे.

पंधरा-सोळा वर्षे ते कुटुंब हिंदुस्थानभर पायी हिंडले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावयाचे, पुढ्यात पडेल त्यावर गुजराण करावयाची. शास्त्रीबोवा आता थकले होते. थोरल्या मुलांना त्यांनी शिकवले, पण धाकट्या रमेला शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले. दिवसभर तिला उसंत कोठली? म्हणून तिने पहाटेची वेळ धरली. जमिनीवर निजलेल्या पोरीला ती लाडीगोडी लावून उठवी, मांडीशी घेई आणि पाखरे बोलू लागावयाच्या सुमारास श्लोक म्हणून घेई. पुस्तक नव्हतेच, आईचे तोंड हेच पुस्तक. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला अशा रीतीने पाठ झाले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आपण ‘पंडिता रमाबाई’ असे म्हणतो त्यातला ‘पंडिता’ हा शब्द मला तरी आता लक्ष्मीबाईंच्या पहाटेचा वाटतो. 

मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. खडू होता, फळा होता, महिन्याच्या महिन्याला पगार होता. तरीही सातव्या तासाला माझा आवाज चढे. मुक्कामाला घर नाही, रात्रीच्या जेवणाची खात्री नाही, अशा स्थितीत पोरीला गोंजारून श्लोक पाठ करून घेणारी ही बाई. तिच्यापुढे मला माझीच लाज वाटली. 

थोरल्या कृष्णाबाईचे लग्न लहानपणीच करून दिले होते. जावई घरी ठेवून शिकवावा असा बेत होता, तो फसला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. त्या अनुभवाने पोळल्यामुळे आईबापांनी रमेच्या लग्नाची घाई केली नाही. सोळा वर्षांची अविवाहित मुलगी बरोबर घेऊन हिंडणे म्हणजे त्या काळी गावोगाव बोलणी खाणे. तीही या बाईने खाल्ली.

मग दुष्काळ आला. दक्षिणेत १८७४ च्या सुमारास पाऊस हटला. पुराण ऐकणाराच उपाशी, तो सांगणाऱ्याला काय देणार? होते ते दागिने, भांडी, चांगली वस्त्रे विकून झाली. पुढे पाला आणि रानफळांवर दिवस काढले. कष्टाचे काम करावे तर उच्चकुळीच्या अभिमानाने हात बांधलेले, आणि भीक मागावी तर जीभ उचलेना. रमाबाईंनी या अभिमानाविषयी पुढे स्वतःच फार कठोर लिहिले आहे. १८७४ साली अनंतशास्त्री रानात वारले. नंतर काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई तापाने आणि भुकेने अंथरुणाला खिळल्या. रमा शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागावयास गेली, दारात उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.

लक्ष्मीबाई गेल्या. स्मशान लांब होते आणि खांदा द्यावयास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले. तिसरा मुलगा श्रीनिवास. चौथे कोणी नाही. तेव्हा रमा पुढे झाली. ती ठेंगणी, खांद्याला खांदा लागेना. म्हणून आईची तिरडी तिने डोक्यावर घेतली. 

आमच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. मी लहान होते. आई खडी फोडावयास जाई आणि मी तिची भाकरी घेऊन जाई. बायकांच्या हातांना चिंध्या बांधलेल्या असत. पण तेव्हा सरकारी काम निघाले, सुकडी मिळाली, आणि हजेरीपटावर माझ्या आईचे नाव होते. अंगठ्याशेजारी का होईना, पण होते. लक्ष्मीबाईंच्या वेळी त्यांपैकी काहीच नव्हते.

थोड्या महिन्यांत कृष्णाबाईही गेली. उरलेली दोघे भावंडे सुमारे चार हजार मैल पायी हिंडून कलकत्त्याला पोचली. पुढचे रमाबाईंचे चरित्र आपल्याला परिचित आहे. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. १८८१ त मुलगी मनोरमा झाली, १८८२ त वैधव्य आले. मग पुणे, १८८३ त इंग्लंड, तेथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, १८८६ त अमेरिका. धर्मांतरावरून त्यांच्यावर त्या वेळी फार टीका झाली. तो वाद येथे उकरून काढावयाचे मला कारण नाही. आपल्या मुद्द्याची गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेला त्या गेल्या त्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या त्या समारंभासाठी, ११ मार्च १८८६ रोजी. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. सातासमुद्रापलीकडे दोन मराठी बायका भेटल्या आणि नाते निघाले! आपल्या दोघी बायका एस. टी. त शेजारी बसल्या की बार्शी येईपर्यंत नाते काढतातच, त्यातलाच हा प्रकार. ज्या मुलीच्या आजोळाचा धागा गोदावरीकाठी तुटला, तिला तेथे आपले माणूस लाभले, हे वाचून मला फार बरे वाटले.

आणि त्याच अमेरिकेत रमाबाईंनी ते इंग्रजी पुस्तक लिहिले, ते कोणाला अर्पण केले? कोणा राजाला नाही, मदत देणाऱ्या धनिकाला नाही, वडिलांनाही नाही. आपल्या आईला, लक्ष्मीबाई डोंगरे यांना, नाव घालून. तेरा वर्षांपूर्वी कोठल्याशा परगावी चार माणसांनी उचलून नेलेल्या त्या बाईचे नाव फिलाडेल्फियाच्या छापखान्यात खिळे जुळवून छापले गेले. आज आपल्याला लक्ष्मीबाई ठाऊक आहेत त्या बहुतांशी या लेकीमुळे.

या कुळाचा शेवटही सांगावयास हवा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या मुली व विधवा गाड्या भरून केडगावला घेऊन आल्या. १९०० साली गुजरातेतून आणल्या. तिरडी डोक्यावर घेतलेली मुलगीच ती. दुष्काळ तिला पुस्तकातून कळला नव्हता. मनोरमा आईच्या हाताखाली राबली. १९१२ च्या सुमारास निजामच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा निघाली ती तिच्या देखरेखीखाली. मनोरमेने लग्न केले नाही. १९२१ साली ती वारली आणि पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. लक्ष्मी, रमा, मनोरमा. तीन बायका, आणि तक्ता संपला. खाली चौकट नाही, वर चौकट कोरी. परंतु केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या मुलींच्या पोरीबाळींची गणती कोणी करू म्हणेल तर त्याला कागद पुरणार नाही.

हे सगळे महिला दिनाला मी मंडळात सांगितले. सभा संपली, चहा झाला. शेवटच्या रांगेत माझी मावशी बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, मुद्दाम लेकाच्या मोटारसायकलवरून आली होती. तिला ऐकू कमी येते. ती म्हणाली, “अगं, त्या शास्त्र्याच्या बायकोचं ऐकून मला मोठी आई आठवली. तीबी गंगथडीचीच की.”

“कशावरून, मावशी?”

“दळताना माझी आई ओवी म्हणायची ना. आईचं माहेर गंगंच्या कडंला, अशी.”

मी तिला तेथेच जोत्यावर बसवले. ती ओवी तिला बोलून येईना. मग तिने उजवा हात जात्याच्या खुंट्यासारखा गोल फिरवावयास सुरुवात केली आणि हात फिरू लागताच ओवी आली. अडखळत, मधली ओळ गाळून, पण आली. तीत गंगा होती, पैलतीराची नाव होती, भावाची वाट होती. बाईचे नाव नव्हते. आम्हा बालाघाटावरच्या लोकांना गंगथडीची पोर म्हणजे काळ्या मातीतली, भरल्या पाण्यातली. ती येथल्या मुरमाड रानात येऊन कशी रुळली असेल, हे त्या सुरावरून समजत होते. 

भगिनींनो, अशा ओव्या वाऱ्यावर गेल्या नाहीत हे आपले भाग्य. गी पॉयटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव व गाव लिहून ठेवले. आपल्या माजलगावच्या बायकांच्याही ओव्या त्यांत आहेत. कारकुनाला जे सुचले नाही ते या दोघांना सुचले.

रात्री नातीने तक्ता पुढे केला. मी म्हटले, “लिही, गंगथडीची.”

ती म्हणाली, “आजी, हे नाव नाहीये. बाई मार्क कापतील.”

“कापू देत.”

तिने लिहिले. पेन्सिलीने लिहिले, उद्या नाव सापडले तर खोडता यावे म्हणून. बाईंनी मार्क कापले नाहीत. उलट वर्गात विचारले, तेव्हा बत्तीस मुलांपैकी दोघांनाच पणजीचे, म्हणजे आईच्या आजीचे, नाव सांगता आले.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मंडळाने दोनशे पानी वही आणली आहे. येणाऱ्या प्रत्येकीने तीत आपले माहेरचे नाव, आईचे नाव, तिचे माहेर, आजीचे नाव व तिचे माहेर, आठवेल तेवढे लिहावयाचे. जिला लिहिता येत नाही तिचे दुसरीने लिहून घ्यावयाचे. जात, कुळी विचारावयाची नाही. फक्त नाव आणि गाव. आतापर्यंत एकसष्ट जणींनी लिहिले आहे. ज्यांच्या घरी आई, सासू, आत्या कोणी ऐंशीच्या पुढची आहे त्यांनी कृपया पावसाळ्यापूर्वी विचारून घ्यावे. वही मंडळाच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. किल्ली माझ्याकडे किंवा पिठाच्या गिरणीत मिळेल.